दीड वीत आणि पाच ठिपके

पहिल्या भेटीत माणसं नाव सांगतात, गाव सांगतात, दिल्लीत असतील तर कुठल्या मंत्रालयात आहेत ते सांगतात. आमचे दीडवीत काका शर्ट वर करायचे. डावी बाजू पुढे करून, बनियन पार बगलेपर्यंत सरकवून, पोटापासून बरगडीखालून पाठीकडे गेलेला तो जाड, चकचकीत वण दाखवायचे आणि म्हणायचे, "बघा, इथून दार उघडलं होतं." समोरचा दचकायचा. मग काकू स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "अहो, आलेल्या माणसाला आधी बसू तरी द्या!"

हे नाव आर. के. पुरमच्या आमच्या ब्लॉकमधल्या पोरांनी ठेवलं. खरं तर वण सव्वा वीतच होता. काकूंनी एकदा स्वतःच्या हाताने मोजून तसा निकाल दिला होता. पण सव्वावीत काका हे कुणाच्या जिभेवर बसेना, आणि पाव वीत फुकट मिळत असेल तर काकांचीही काही हरकत नव्हती.

त्या वणाची गोष्ट अख्ख्या ब्लॉकला पाठ होती. काकांचा धाकटा भाऊ मोहन. आईवडील लवकर गेले तेव्हा काकांनी त्याला साताऱ्याहून दिल्लीला आणला, शिकवला, बँकेत चिकटवला. आणि पंचविशीच्या आतच त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. ही नव्वदच्या आसपासची गोष्ट. काकांनी आपली एक दिली. तेव्हा देणाऱ्यालाच जास्त फाडायचे. काकांच्या बरगडीचा तुकडासुद्धा काढला होता म्हणे. दोघा भावांचं सगळं इतकं जुळलं की डॉक्टर म्हणाले, "ये तो जुड़वाँ जैसे हैं." काका तीन महिने रजेवर होते. मी तेव्हा कॉलेजात होतो, आणि आमचं क्वार्टर त्यांच्या बरोबर खाली, त्यामुळे त्यांना धरून जिन्यावरून उतरवायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या दिवशी खाली पोचायला पाऊण तास लागला होता.

मी एकदा जरा वैतागूनच विचारलं होतं, "काका, सारखं काय दाखवता हो?" ते रागावले नाहीत. म्हणाले, "अरे, नोकरी सरकारने करवून घेतली. लग्न मामाने ठरवलं. बदल्या वरून आल्या, क्वार्टर अलॉट झालं. आपल्या मनाने केलेली ही एकच गोष्ट आहे आयुष्यात. ती पण दाखवू नको?" त्यांना मूलबाळ नव्हतं. मोहनभाऊ बरे झाले, पुण्याला बदली घेऊन गेले, लग्न केलं, त्यांना दोन मुली झाल्या. दर दिवाळीला ते दिल्लीला यायचे, आणि काका त्यांना खांद्याला धरून ब्लॉकभर हिंडवायचे. इतकी वर्षं एका भावाची किडनी दुसऱ्यात चालली याचं डॉक्टरांनाही नवल वाटायचं.

काका सेक्शन ऑफिसर होते आणि घरीसुद्धा फाइलीतलंच बोलायचे. काकूंनी वांग्याचं भरीत करू का विचारलं की "प्रस्ताव मान्य." मी मार्क कमी आणले की "स्पष्टीकरण मागवा." आम्ही नगरकडचे ख्रिस्ती. माझे वडील सरकारी छापखान्यात होते, आणि नाताळचा केक वर गेला की काका डबा परत करताना त्यात करंज्या भरून वर चिठ्ठी ठेवायचे, "पोच दिली." मी गुडगावात खासगी कंपनीत लागलो तेव्हा मात्र त्यांचा चेहरा पडला. "पेन्शन नाही, क्वार्टर नाही, सरकारी दवाखाना नाही? अरे यार सुधीर, हे बिना पावतीचं आयुष्य झालं." माझा पहिला पगार त्यांच्या पगाराच्या दुप्पट होता, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. त्यांना ते माहीत होतंच.

पण काकांची खरी ओळख होती ती बसची. दर संक्रांतीला दिल्लीतली मराठी माणसं पानिपतला काला अंबला जातात, तिथल्या स्मारकापुढे माथा टेकतात, भाषणं होतात, मग मैदानात सतरंज्या अंथरून जेवण. आमच्या सेक्टरची बस काका काढायचे. वीसेक वर्षं काढली. पहाटे धुक्यात मफलर बांधून, हातात यादी आणि शिट्टी घेऊन उभे असायचे. नंतर नंतर लोकांकडे गाड्या आल्या, कुणी द्वारकेत फ्लॅट घेतला, कुणी इंदिरापुरमला गेलं, आणि "काका, आम्ही आमचे डायरेक्ट येऊ" असं म्हणायला लागलं. काकांना ते लागायचं. "तिथे जे मेले ते काय आपापल्या गाडीने आले होते?" असं ते मला म्हणाले होते. मी हसलो होतो, ते नाही हसले.

बसचे त्यांचे नियम दोन. एक, मसालेभाताच्या मोठ्या पातेल्याची एक कडी काका स्वतः धरणार. दुसरी कुणीही धरावी, बहुतेक मीच. आणि दोन, बस निघाली की एका माणसासाठी वळणार नाही. एकदा देशपांडेबाईंची पर्स घरी राहिली, तिच्यात चष्मा होता. बस अजून दिल्लीतच होती, आझादपूरलाही पोचली नव्हती. काकांनी बस वळवली नाही. "पन्नास माणसांचा एक तास घ्यायचा अधिकार कुणालाच नाही," असं म्हणाले आणि त्यांना दिवसभर स्वतःचा चष्मा देऊन मोकळे झाले. स्वतः आंधळ्यासारखे ठेचकाळत होते.

रिटायरमेंटला वर्ष-दीड वर्ष उरलं असताना ऑफिसच्या तपासणीत पोटाचा फोटो काढला, आणि उरलेल्या एकुलत्या एका किडनीवर लिंबाएवढी गाठ निघाली.

दोन किडन्यांचा माणूस असता तर एक काढून टाकली असती, विषय संपला असता. इथे ती काढली तर जन्मभर डायलिसिस. डॉक्टर म्हणाले, फक्त गाठ आणि तिच्याभोवतीची थोडी कड काढू, बाकीची किडनी शिवून ठेवू. रोबोटने करू. नीट सांभाळली तर तेवढी पुरेल. काकांनी त्यांच्या भाषेत मला समजावलं, "अर्धी फाइल फाडायची, अर्धी जपून ठेवायची. आता पुढचा सगळा कारभार त्या अर्ध्या फाइलवर."

गुडगावचं ते काचेचं हॉस्पिटल सरकारी यादीत होतं. तळमजल्यावर कॉफीचं दुकान, सरकते जिने. काकूंना वाटलं आम्ही चुकून मॉलमध्ये शिरलो. तरुण सर्जनने सांगितलं की रोबोटचे हात पोटात जातील आणि ते स्वतः त्याच खोलीत, थोडं बाजूला बसून ते हात चालवतील. काका म्हणाले, "यानी आप कोने में, और मैं मशीन के पास? फिर दस्तखत किसके?" सर्जन हसला. "दस्तखत हमारे ही रहेंगे, अंकल."

ऑपरेशन नाताळच्या चार दिवस आधी झालं. दुसऱ्या दिवशी मी गेलो तर काका पांघरुणाखाली हाताने पोट चाचपत पडले होते. मला जवळ बोलावून हळूच विचारलं, "सुधीर, केलंय ना रे खरंच? का नुसतंच झोपवलं आणि उठवलं?" मी पाहिलं. पोटावर पाच ठिपके. चार तर डास चावल्यासारखे, वरून गोंद लावल्यासारखं काहीतरी चमकत होतं. पाचवा बेंबीजवळचा थोडा मोठा, त्यातून गाठ बाहेर काढली होती. पोटात हवा भरतात तिच्यामुळे म्हणे खांदा दुखत होता. "कापलं इथे आणि दुखतंय तिथे," काका कुरकुरत होते. "याला काही अर्थ आहे?" खोकला आला की नर्सने सांगितल्याप्रमाणे उशी पोटाशी धरायचे, पण धरताना असा चेहरा करायचे, की जणू खोटं बोलताना पकडलंय कुणीतरी.

नाताळच्या दिवशी ते घरी आले, आपल्या पायांनी. गाठ कॅन्सरचीच होती, पण कडा स्वच्छ निघाल्या. आम्ही सगळे रडलो. निघताना सर्जनने तिघांना, म्हणजे काका, काकू आणि मला, समोर उभं करून सांगितलं होतं. सहा आठवडे पाण्याच्या भरल्या जगपेक्षा जड काही उचलायचं नाही. धक्के खात प्रवास नाही. लघवीला लाल दिसलं तर तडक इथे. "अंदर अभी कच्चा है, अंकल. बाहर से देखकर अंदाज़ा मत लगाना." आम्ही तिघांनी मान हलवली. मी सगळ्यात जोरात हलवली.

आणि मग समाचाराला माणसं यायला लागली. आपल्याकडे समाचाराला येणारा माणूस संत्री ठेवतो, बसतो आणि जखम बघतो. काकांची तर ख्याती होती. सगळे उत्सुकतेने यायचे. काका आयुष्यात पहिल्यांदाच संकोचून शर्ट वर करायचे, आणि समोरचा म्हणायचा, "एवढंच?" देशपांडेबाई म्हणाल्या, "अहो, माझ्या सिझेरियनला याच्या चौपट टाके होते, आणि चाळिसाव्या दिवशी मी पोळ्या लाटत होते!" ऑफिसातला खन्ना आला. "क्या बाबूजी, मच्छर ने काटा है और डेढ़ महीने की छुट्टी?" हसला तो, वाईट काही नव्हतं त्याच्या मनात. तोही चांगला माणूस. पण काका हसले नाहीत. खन्ना गेल्यावर त्यांनी डाव्या बाजूचा जुना वण कुरवाळला आणि म्हणाले, "ती रजा मी मान वर करून घेतली होती. ही घ्यायला लाज वाटते."

हेच चुकलं आमच्या सगळ्यांचं. दुखणं किती मोठं ते आम्ही वणावरून मोजत आलो, आणि त्यात सगळ्यात पक्के होते काका स्वतः. इतकी वर्षं त्यांनी लोकांना वण दाखवून समजावलं होतं की बघा, केवढं मोठं काम झालंय. आता वणच नाही म्हटल्यावर काम तरी कुठलं मोठं?

तिसऱ्या आठवड्यात ते ऑफिसात रुजू झाले. काकू भांडल्या, रडल्या, मला फोन केला. "सुधीर, तू तरी सांग यांना. तुझं ऐकतात." मी त्या वेळी कुठल्यातरी मीटिंगमध्ये होतो. संध्याकाळी काकांना फोन करून म्हटलं, "काका, जरा दमानं घ्या." ते म्हणाले, "बिल्कुल, बिल्कुल." झालं. एवढंच बोललो मी. खरं सांगायचं तर मलाही मनातून वाटत होतं की माणूस ठणठणीत आहे, काकू उगाच घाबरतात.

संक्रांतीला बस निघालीच. काका पहिल्या सीटवर, मफलर, यादी, शिट्टी. काकूंनी त्यांच्या पाठीला उशी लावली होती. त्या ड्रायव्हरला दर दहा मिनिटांनी "भैया, धीरे" म्हणत होत्या आणि काका त्यांना डोळ्यांनी दटावत होते. धुक्यामुळे उशीर झाला. काला अंबला पोचलो तेव्हा स्मारकाशी गर्दी झालेली, भाषणं सुरू व्हायच्या बेतात. सगळे उतरून पळाले. काकूही देशपांडेबाईंचा हात धरून पुढे गेल्या. मागे राहिलो मी, पुढच्या दाराशी यादी चाळणारे काका आणि बसच्या पाठीमागचं ते पातेलं.

मी इकडेतिकडे पाहिलं. दुसऱ्या कडीला कुणी नव्हतं. आणि मी हाक मारली, "काका, जरा हात द्या ना."

वीस वर्षं हीच हाक मारली होती, म्हणून तोंडातून गेली, असं मी स्वतःला सांगत आलो. पण ते काही पूर्ण खरं नाही. मी त्यांच्याकडे पाहिलं होतं. ते समोर उभे होते, दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट, चेहऱ्यावर टवटवी, आणि मला त्यांच्यात आजारी असं काही दिसलं नाही. पोटाशी उशी धरलेला माणूस मला आठवला नाही. त्या हाकेने काकांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. जवळजवळ पळत आले. "चलो!" म्हणाले, आणि कडी धरली. अर्ध्या वाटेत एकदा थांबले. "थांब, हात बदलतो." तेव्हा ओठ दाताखाली धरले होते त्यांनी. मी म्हटलं, "जड आहे का?" म्हणाले, "छे! मागल्या वर्षी जास्त होता."

दुपारी ते जेवले नाहीत. सगळ्यांना वाढत होते, मग मुतारीकडे जाऊन आले आणि बसमध्ये जाऊन बसले. मला वाटलं दमले असतील. परतीच्या वाटेवर मुरथलला पराठ्यांसाठी बस थांबते. सगळे उतरले, काका उतरले नाहीत. मी चहा घेऊन वर गेलो. शाल लपेटून बसले होते आणि दात वाजत होते.

"सुधीर," ते म्हणाले, "लाल होतंय."

"कधीपासून?"

"दुपारपासून. पहिल्यांदा गुलाबी होतं. आता गाठी पडतायत."

"अहो काका! बोलला का नाहीत?"

"भाषणं व्हायची होती रे. जेवणं व्हायची होती. पन्नास माणसं..." आणि मग अगदी अपराध्यासारखं, "बस वळवायला लागली असती."

मी किंचाळलो त्यांच्यावर. वडिलांच्या वयाच्या माणसावर, मागून बसमध्ये चढणाऱ्या काकूंच्या देखत किंचाळलो. मग ड्रायव्हरला सांगितलं की कुठेही थांबायचं नाही, बस सरळ गुडगावला. पन्नास माणसांची ती बस दिल्लीचा सगळा ट्रॅफिक कापत संध्याकाळी त्या काचेच्या हॉस्पिटलच्या पोर्चमध्ये घुसली. देशपांडेबाई मांडीवर तिळगुळाचा डबा घेऊन रडत होत्या. काकांना स्ट्रेचरवर उतरवत होते तेव्हाही ते बसकडे बघून हात जोडत होते, "सॉरी हां, सगळ्यांना उशीर झाला."

आत शिवलेल्या जागी एक धमनी सुटली होती. मांडीतून तार घालून ती बंद केली, रक्त थांबलं. मीही रक्त दिलं त्यांच्यासाठी. आमचा गट एकच निघाला. पण धमनी बंद करताना त्या उरलेल्या किडनीचाही मोठा भाग मेला. मी सर्जनला नंतर एकटं गाठून विचारलं, "पातेलं उचलल्यामुळे झालं का?" तो म्हणाला, "हो सकता है, नहीं भी. बिना उठाए भी होता है कभी." मला धीर द्यायला म्हणाला असेल, किंवा खरंही असेल. मला ते कधी कळणार नाही. काकांनी पातेल्याचा विषय शेवटपर्यंत काढला नाही, आणि ते न काढणं मला फार जड गेलं.

उन्हाळ्यापर्यंत डायलिसिस सुरू झालं, आठवड्यातून तीनदा. मग रिटायरमेंट, क्वार्टर सोडणं आणि नोएडाच्या पलीकडे नवव्या मजल्यावरचा तो फ्लॅट. खिडकीतून बघावं तिकडे अर्धवट टॉवर आणि क्रेन. मंगळवारी मी सुट्टी टाकून त्यांना न्यायला जायचो. लघवी जवळजवळ बंद, म्हणून दिवसाला मोजून पाणी. तहान लागली की काका बर्फाचा खडा तोंडात धरून बसायचे. मोहनभाऊ पुण्याहून आले की त्यांच्याशेजारी मान खाली घालून बसायचे. एकदा ते म्हणाले, "दादा, तुझीच आहे. घे की परत." काका ओरडले त्यांच्यावर. "गाढवा, सरकारी माल एकदा इश्यू झाला की परत जमा होत नाही!"

पोटावरचे पाच ठिपके तोवर पांढरे होऊन दिसेनासे झाले होते. बाहेरून सगळं सुरेख भरून आलं होतं.

नवव्या मजल्यावर नवी माणसं होती, बंगाली, पंजाबी. कुणालाच काका माहीत नव्हते. एकदा शेजारचे बॅनर्जी भेटायला आले, तास-दीड तास बसले, आणि काकांनी शर्ट वर केला नाही. जूनचा महिना, वीज गेलेली, आणि हा माणूस गळ्यापर्यंत बटणं लावून बसलेला. ते गेल्यावर मी गमतीने म्हटलं, "काय काका, यांना दार दाखवलं नाहीत?" काकांनी वरचं बटण चाचपून पाहिलं. मग म्हणाले, "आता दाखवलं की मागितल्यासारखं होतं रे."

मला वाटतं त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं सगळ्यात वाईट वाक्य तेच. आयुष्यात आपल्या मनाने केलेली एकच गोष्ट, तीसुद्धा आता त्यांना झाकून ठेवावी लागत होती.

आणि कुणाकडे मागायचं होतं? काकूंना साखर होती, त्यांची किडनी चालणार नव्हती. उरलो मी. आमचा रक्तगट एकच आहे हे काकूंना माहीत होतं, मला माहीत होतं. काकू एका शब्दाने कधी बोलल्या नाहीत. मी एका दुपारी ऑफिसात बसून कायदा वाचला. नात्यातला नसला तरी जिव्हाळ्यापोटी देता येते, समितीची परवानगी लागते, असं त्यात होतं. मी ते दोनदा वाचलं आणि खिडकी बंद केली. माझी मुलं लहान होती. फ्लॅटचं कर्ज होतं. बायको घाबरली असती. कारणं सगळी खरी होती, एकही खोटं नव्हतं. नंतर कुणी विचारलं तर मी "नात्यातलाच माणूस लागतो हो" असं सांगत असे.

काका ओळखून होते. एका मंगळवारी मशीन चालू असताना, नळ्यांमधून त्यांचं रक्त बाहेर जाऊन परत येत असताना, त्यांनी डोळे न उघडताच म्हटलं, "सुधीर, तुझ्या मनात काय घोळतंय ते मला कळतं. तो प्रस्ताव पुट अप करू नकोस. फाइल बंद." मी म्हटलं, "काका, तसं नाही..." ते म्हणाले, "फाइल बंद." आणि मी, खरं सांगतो, हलका झालो. एकदम सुटल्यासारखं वाटलं. खाली जाऊन चहा प्यायलो, आणि तो मला गोड लागला. त्या हलकेपणाची लाज अजून गेलेली नाही. त्यांनी मला सोडवलं, पण मी निदान एकदा तरी विचारायला हवं होतं. नाही म्हणण्याचा त्यांचा अधिकारसुद्धा मी त्यांना नीट दिला नाही.

पुढच्या थंडीत ते गेले. पहाटे, झोपेत, मशीनच्या आदल्या दिवशी. मोहनभाऊ पहिल्या विमानाने निघाले. ते येईपर्यंत काकांना बाहेरच्या खोलीत ठेवलं होतं. जुन्या ब्लॉकमधली माणसं आली होती, देशपांडेबाई होत्या, खन्ना होता. घरात मयत असताना आपल्याकडे चूल पेटत नाही, उचलेपर्यंत कुणी पाण्याचा घोटही घेत नाही. सगळे कोरड्या तोंडाने बसून होते. मोहनभाऊ आले, काकांच्या पायांवर डोकं ठेवून पडले ते उठेचनात.

काकू इतका वेळ भिंतीला टेकून बसल्या होत्या, डोळे कोरडे. त्यांनी एकदा घड्याळाकडे पाहिलं, मोहनभाऊंकडे पाहिलं, आणि उठून आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा हातात काठोकाठ भरलेला पाण्याचा ग्लास होता.

"भावजी, सकाळच्या गोळ्या घेतल्यात?"

मोहनभाऊंनी नकारार्थी मान हलवली. दुसऱ्याची किडनी टिकवायची तर त्या गोळ्या जन्मभर, वेळच्या वेळी घ्याव्या लागतात. ते म्हणाले, "वहिनी, आज राहू दे."

मागून कुणीतरी बाई हळूच म्हणाल्या, "अहो, अजून उचललं नाहीये. घरात पाणी कसं..."

काकूंनी त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नाही. खाली बसल्या, मोहनभाऊंच्या बॅगेतून गोळ्यांची डबी स्वतः काढली, उघडून त्यांच्या तळहातावर ठेवली.

"घ्या," त्या म्हणाल्या. "ह्यांचं तेवढंच चालू आहे आता."

मोहनभाऊंनी गोळ्या घेतल्या. सगळ्यांच्या समोर, हुंदके देत, अख्खा ग्लास पाणी प्यायले. काकू ग्लास रिकामा होईपर्यंत बघत होत्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली, आणि आम्ही काकांना उचललं.